एकाच नमुन्याची दोन रीडिंग जुळत नाहीत: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

सकाळच्या शिफ्टने बोअरच्या पाण्याचा हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा जडपणा) ३६८ लिहिला, दुपारच्या शिफ्टने त्याच बाटलीतून ३९२ काढला, आणि आता प्लँटवाले विचारतात की यातला खरा कुठला. मकरपुऱ्यात असो की नंदेसरीत, बडोद्याच्या छोट्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये हा वाद दर थोड्या दिवसांनी उठतो. खापर बहुधा केमिस्टच्या हातावर फुटतं, मग नवीन ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची खुणांची काचनळी) मागवली जाते, आणि फरक होता तिथेच राहतो. कारण तो नेमका कुठल्या पायरीवर शिरतोय, हे कोणी बघितलेलंच नसतं.

खालचं उदाहरण हार्डनेसचं आहे, कारण हे टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून द्रावण सोडून केलेली मोजणी) जवळपास प्रत्येक लॅबमध्ये होतं. रीत मात्र पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), ‘असे’ (औषधातल्या मुख्य घटकाचं प्रमाण मोजणं), कशालाही तीच. २५ मिली नमुना, डिस्टिल्ड पाण्याने ५० मिली केलेला, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन. १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ब्युरेटचं रीडिंग गुणिले ४० हे उत्तर, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. म्हणजेच ब्युरेटचा एक थेंब, साधारण ०.०५ मिली, उत्तर २ ने हलवतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागेल.

लक्षणं: आधी कोणत्या जातीची गडबड आहे ते ओळखा

सगळ्यात नेहमीचं म्हणजे विखुरलेली रीडिंग. ड्युप्लिकेट, म्हणजे एकाच नमुन्याच्या रीडिंगची जोडी, कधी जुळतात, कधी नाही, आणि त्याला काही क्रम नसतो. याचं मूळ बहुतेक वेळा हाताळणीत, एंड पॉइंटमध्ये (रंग बदलला की थांबायची जागा) किंवा नमुन्यातच असतं.

दुसरी जात पायरीची. अमुक तारखेपर्यंत सगळं ठीक आणि त्यानंतर सगळीच रीडिंग वर किंवा खाली. इथे आपसात ती छान जुळतात. नवीन ईडीटीए, नवीन इंडिकेटर (रंग बदलून दाखवणारं रसायन), नवीन माणूस किंवा बदललेली पिपेट (ठराविक माप उचलायची काचनळी), यांपैकी एक त्या तारखेला सापडतंच.

तिसरी जात हळूहळू सरकण्याची. आठवड्यागणिक थोडं थोडं एकाच दिशेला. बाटलीतलं द्रावण बदलत असतं तेव्हा असं दिसतं.

चौथं लक्षण बहुतेक जण लक्षणच मानत नाहीत: रीडिंग फारच छान जुळतात. रजिस्टरमध्ये पानामागून पान दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. एका थेंबाने उत्तर २ ने बदलत असताना महिनाभर सगळ्या जोड्यांचा फरक शून्य येणं शक्य नाही. पहिलं रीडिंग माहीत असलं की दुसऱ्या वेळी डोळा त्या आकड्यापाशी रंग बदलायची वाटच बघतो. यात लबाडी असेलच असं नाही, पण अशा ड्युप्लिकेटचा उपयोग शून्य. उपाय फुकटचा आहे: दुसरा नमुना कोड नंबर टाकून, वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाकडून घ्या.

आणि शेवटचं: आपल्याकडे सगळं जुळतं, बाहेरच्या लॅबशी जुळत नाही. हा प्रकार वेगळा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

पहिली तपासणी, फक्त कागद: फरक खरोखर जास्त आहे का?

यावर एक रुपयाही खर्च होत नाही, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. जवळपास सारख्या हार्डनेसच्या नमुन्यांच्या दहा जुन्या जोड्या घ्या. समजा फरक असे आहेत: २, ४, ०, ६, २, ४, २, ०, ४, २. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा: १००. जोड्यांच्या दुपटीने, म्हणजे २० ने, भागा: ५. वर्गमूळ २.२४. हे तुमच्या पद्धतीचं एका रीडिंगचं प्रमाण विचलन, ज्याला आपण एसडी म्हणतो. त्याला २.८ ने गुणलं की ६.३. अर्थ असा की सगळं ठीक असतानाही दोन रीडिंगमध्ये ६ पर्यंत फरक पडू शकतो, आणि वीसात एखादी जोडी त्याच्याही बाहेर जाते.

तेव्हा ३६८ आणि ३७२ यावर भांडण करू नका, तो एकच आकडा आहे. ३६८ आणि ३९२ हा मात्र २४ चा फरक, म्हणजे बारा थेंब. तिथे काहीतरी चुकलंय. २.८ हा गुणक मनाचा नाही, मापनाच्या अचूकतेवरच्या आयएसओ ५७२५ या मानकातला आहे. जोडी मर्यादेबाहेर गेली तर काय करायचं तेही त्यात सांगितलंय: आणखी दोन रीडिंग घ्या. चारही रीडिंगमधला सर्वांत मोठा फरक एसडीच्या ३.६ पटीत, इथे ८ मध्ये, बसला तर चौघांची सरासरी द्या. नाही बसला तर मधल्या दोघांची सरासरी द्या आणि कारण शोधायला लागा.

यापेक्षा वेगळी एक सवय सगळीकडे दिसते: तीन रीडिंग घ्यायची आणि जवळची दोन ठेवून तिसरं फेकायचं. ९.२०, ९.२५, ९.५० मिली अशी तीन आली तर ९.५० चुकलंय असं वाटतंच. डिक्सनची क्यू चाचणी लावून बघा: दूरच्या आकड्याचं शेजाऱ्यापासून अंतर ०.२५, एकूण पसारा ०.३०, भागाकार ०.८३. तीन रीडिंगसाठी ९५ टक्के खात्रीची मर्यादा ०.९७० आहे. तेव्हा ९.५० फेकायचा अधिकार तुम्हाला नाही. तीनात दोन जवळ येणं हा बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो. थेंब सांडला, फ्लास्क आपटला, बुडबुडा दिसला, असं कारण लिहिलेलं असेल तरच रीडिंग काढून टाका.

कागदावरच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. शेवटच्या पन्नास ब्युरेट रीडिंगचा शेवटचा अंक मोजा. सगळे ० आणि ५ वरच संपत असतील तर अर्ध्या घराचा (एक घर ०.१ मिली) अंदाज घेतला जातोय, आणि सगळे पूर्ण ०.१ च्या रेघेवर संपत असतील तर तोही घेतला जात नाही, म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये दोन थेंबांची ढिलाई आधीच आली. आणि कंट्रोल नमुन्याची (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा नमुन्याची) रीडिंग तारखेनुसार ग्राफ पेपरवर मांडा. पायरी, सरकणं आणि विखुरणं हे तिन्ही प्रकार रजिस्टरच्या रांगेत दिसत नाहीत, ग्राफवर एका नजरेत दिसतात. कंट्रोल नमुना नसेल तर आजच सुरू करा: ज्ञात ताकदीचं कॅल्शियमचं द्रावण, रोज एक रीडिंग. वीस झाली की सरासरीच्या दोन्ही बाजूंना २ एसडीवर इशाऱ्याची रेघ आणि ३ एसडीवर थांबायची रेघ.

दुसरी: ब्युरेट आणि पिपेट

ब्युरेट भरून शून्यावर लावा, टोक पुसा, दहा मिनिटं तशीच सोडा. पातळी खाली गेली तर कॉक गळतोय. टोकातला हवेचा बुडबुडा टायट्रेशनच्या मध्यात निघून गेला तर तेवढी जागा तुमच्या रीडिंगमध्ये जमा होते, आणि बुडबुडा सहज दोन-तीन थेंबांचा असतो. रिकामी होताना भिंतीला थेंब चिकटून राहत असतील तर काच तेलकट आहे. भरायचं फनेल वरच राहिलंय का तेही बघा, त्यातून मागाहून एखादा थेंब पडतोच.

मग चार जणांना एकाच पातळीचं रीडिंग वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायला सांगा, एकमेकांना न दाखवता. ०.०५ च्या पलीकडे फरक पडला तर डोळ्याची उंची आणि मेनिस्कस (द्रवाचा वाकलेला पृष्ठभाग) वाचायची पद्धत आधी एकसारखी करा.

पिपेट नमुन्यानेच आधी धुतलेली हवी. टोक भिंतीला टेकवून रिकामी करा. फुंकायची खूण नसलेली पिपेट फुंकू नका. एकजण फुंकतो आणि दुसरा नाही, एवढ्यावरून दोन शिफ्टमध्ये कायमची पायरी तयार झालेली असते.

तिसरी: ब्लँक, बफर, इंडिकेटर

विखुरलेल्या रीडिंगचं सर्वांत मोठं घर हे आहे, म्हणून इथे सावकाश बघा.

आधी ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची चाचणी. ५० मिली डिस्टिल्ड पाणी, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), इंडिकेटर. रंग लगेच निळा दिसायला हवा, फार तर एका थेंबात. तीन-चार थेंब लागले तर डीएम प्लँटचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं) रेझिन थकलंय, किंवा बफरमध्येच कॅल्शियम आहे. ब्लँक मोठा असणं एक वेळ चालतं, वजा करता येतो. रोज वेगळा येणारा ब्लँक चालत नाही.

बफर अमोनियाचा, पीएच १० चा. झाकण सैल राहिलं की अमोनिया उडतो आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर बघता बघता उडतो. पीएच घसरला की एंड पॉइंट पसरट होतो: वाइनसारखा लाल, मग जांभळा, मग बराच वेळ जांभळाच. दोन माणसं त्या जांभळ्यात दोन वेगळ्या जागी थांबतात. बफर घातलेल्या नमुन्याचा पीएच मोजा. तो १०.० च्या ०.१ आतबाहेर नसेल तर बाटली ओतून द्या. एरवीही महिन्याच्या वर ठेवू नका.

इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, त्याचं द्रावण लवकर खराब होतं. ०.५ ग्रॅम रंग १०० ग्रॅम कोरड्या मिठात, म्हणजे लॅबच्या सोडियम क्लोराइडमध्ये, खलून ठेवलेली भुकटी टिकते. दर वेळी चिमूट सारखी घ्या.

वेळही पाळा. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन संपायला हवं, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट बसायला लागतं, आणि मग निळा झालेला फ्लास्क थोड्या वेळाने परत लालसर होतो. त्यासाठीच ईडीटीए १५ मिलीच्या आत लागेल एवढा नमुना घ्यायचा, आणि त्यासाठीच इथे ५० ऐवजी २५ मिली घेतलाय. उलट सॉफ्टनरमधून आलेल्या, कमी हार्डनेसच्या पाण्याचा नमुना जास्त घ्या, नाहीतर सगळं उत्तर दोन थेंबांवर टांगलेलं राहतं. शेवटचे थेंब तीन ते पाच सेकंदांच्या अंतराने, आणि उजेड दिवसाचा किंवा पांढऱ्या ट्यूबचा. पिवळ्या दिव्याखाली लाल-निळ्यातला फरक कळत नाही. रात्रपाळीची रीडिंगच तेवढी वेगळी येत असतील तर आधी दिवा बघा, मग माणूस.

एवढं करूनही रंग बदलतच नसेल, मळकटच राहत असेल, तर पाण्यात लोह, तांबं किंवा मँगनीज असण्याचा संभव आहे. तो हाताचा दोष नव्हे.

चौथी: ईडीटीएची ताकद

३.७२३ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट लिटरमध्ये, एवढ्याने ०.०१ मोलर होत नाही. प्रमाणित करावंच लागतं. वाळवलेलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १.००० ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, उकळून, पीएच जुळवून लिटर केलं की १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम. त्यातले १० मिली घेतले तर ईडीटीए १० मिलीच्या जवळपास लागला पाहिजे. जितका लागेल त्यावरून फॅक्टर (रीडिंगला गुणायचा दुरुस्तीचा आकडा) काढा आणि बाटलीवर तारखेसह लिहा.

ईडीटीए पॉलिथिनच्या किंवा बोरोसिलिकेटच्या बाटलीत ठेवा. साध्या काचेतून तो कॅल्शियम ओढून घेतो, कमजोर होतो, आणि हार्डनेस आठवड्यागणिक चढत जातो. बाटली उघडी राहिली तर उलटं: पाणी उडतं, द्रावण तिखट होतं, हार्डनेस उतरतो. वर सांगितलेलं हळूहळू सरकणं बहुतेक वेळा या दोघांतलं एक असतं.

पाचवी: शिडी

इथपर्यंत दोष सापडला नाही तर अंदाज बंद करा आणि दोन तास काढा. तीन पायऱ्यांवर प्रत्येकी सहा रीडिंग घ्यायची, एकाच माणसाने, एकाच दिवशी.

खालची पायरी: एकच कॅल्शियम स्टँडर्ड सहा वेळा. मधली: एकाच बाटलीतला नमुना सहा वेळा. वरची: त्याच नळावरून भरलेल्या सहा वेगळ्या बाटल्या, प्रत्येकीतून एक. तिन्हींची एसडी काढा. ती ज्या पायरीवर उडी मारते, तिथे दोष.

समजा ब्युरेटच्या मिलीत ०.०४, ०.०६ आणि ०.२२ आली. एसडी सरळ वजा होत नाही, वर्ग वजा होतात: ०.२२ चा वर्ग ०.०४८४, ०.०६ चा ०.००३६, वजाबाकीचं वर्गमूळ ०.२१. म्हणजे लॅबमधली चूक जादूने शून्य झाली तरी ०.२२ चं ०.२१ होईल, एवढंच. नवीन ब्युरेट, ऑटोटायट्रेटर, ट्रेनिंग, काहीही घ्या, प्लँटला दिसणारा फरक तसाच राहणार. पैसे मंजूर करून घ्यायच्या आधी हा हिशेब साहेबांसमोर ठेवा.

खालची पायरीच खराब आली तर पहिल्या चार तपासण्यांत काहीतरी सुटलंय. खालची चांगली आणि मधली खराब असेल तर नमुन्यातलं काहीतरी एंड पॉइंट बिघडवतंय, किंवा बाटलीच्या तळाला क्षार बसलाय आणि ती हलवली जात नाही.

सहा रीडिंगच्या एसडीवर फार विसंबू नका. तिची स्वतःची ९५ टक्क्यांची व्याप्ती ०.६ पटीपासून जवळपास अडीच पटीपर्यंत जाते. ०.०४ आणि ०.०६ यात भेद शोधू नका, ०.०६ आणि ०.२२ यात शोधा. दोन केमिस्टची तुलना करायची असेल तर दोघांची सहा-सहा रीडिंग घेऊन मोठ्या एसडीच्या वर्गाला लहानीच्या वर्गाने भागा. ७.१५ च्या वर गेलं तरच एकाचा हात दुसऱ्यापेक्षा विस्कळीत आहे असं म्हणा.

सहावी: नमुना

बोअरचं पाणी नळाबाहेर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बाटलीच्या भिंतीला पांढरा थर धरतो. तेवढा हार्डनेस मोजणीतून गेला. बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी मोजा. ठेवायचीच असेल तर नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा, आणि मोजायच्या आधी ते आम्ल मारायला विसरू नका, नाहीतर बफर पुरत नाही. पंप सुरू केल्यावर काही मिनिटं पाणी वाहू द्या. बोअर आणि महानगरपालिकेचं पाणी जिथे एकाच टाकीत पडतं, तिथे सकाळच्या आणि दुपारच्या बाटलीत फरक असणं ही चूक नाहीच, ते पाणीच वेगळं आहे. तिथे बाटलीवर वेळ लिहायची सक्ती करा.

सातवी: काच, तापमान, तराजू

५० मिलीच्या अ वर्गाच्या ब्युरेटला ०.०५ मिलीची सूट असते. तपासणं सोपं: ३० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्याचे १० मिली सोडा आणि वजन करा, हवेत ते सुमारे ९.९४६ ग्रॅम भरायला हवं. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू पुरतो. दर १० मिलीला करा, कारण चूक नळीच्या एखाद्या भागातच असू शकते.

तापमानाचा बाऊ हार्डनेससाठी करू नका. आपल्याकडची काच बऱ्याचदा २७ अंशांवर आखलेली असते. रात्रभर एसी बंद राहून खोली ३५ वर गेली तरी पाणी पाव टक्काच फुगतं, ३६८ मध्ये ते १ सुद्धा होत नाही. पण औषधाच्या असेमध्ये, जिथे मर्यादा ९८.० ते १०२.० टक्के असते, हाच पाव टक्का महागात पडतो.

तराजूचंही तसंच. ३.७२३ ग्रॅम तोलताना ०.१ मिलिग्रॅमने काही बिघडत नाही. त्याच तराजूवर २० मिलिग्रॅम स्टँडर्ड तोललं तर मात्र सगळा दोष तिथेच. अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) नियमाने ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर ८२ मिलिग्रॅमपेक्षा कमी तोलताच येत नाही, आणि ८२ ही तराजू उत्तम चालत असतानाची मर्यादा. एकच वजन दहा वेळा ठेवून एसडी काढा, तिला २००० ने गुणा: तेवढं तुमचं किमान वजन. ते अपेक्षेपेक्षा खूप जास्त आलं तर लेव्हलचा बुडबुडा, थेट अंगावर येणारा एसीचा झोत, शेजारचा सेंट्रिफ्यूज आणि गरम क्रुसिबल, या क्रमाने बघा. गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते.

आपसात जुळतं, बाहेर जुळत नाही

वरच्या बहुतेक तपासण्या रीडिंग एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतात. सगळीच मिळून ५ टक्क्यांनी वर असली तर त्या तुम्हाला ते सांगणार नाहीत. स्टँडर्ड बनवतानाच चूक झाली असेल तर कंट्रोल नमुनाही साथ देतो, कारण तोही त्याच बाटलीतून आलेला असतो. म्हणून दुसऱ्या कंपनीचा, सर्टिफिकेट असलेला संदर्भ नमुना घ्या, किंवा तुमच्या नमुन्यात माहीत असलेलं कॅल्शियम घालून किती परत मिळतं ते मोजा. प्रवीणता चाचणीत (एकच नमुना अनेक लॅबना देऊन होणारी तुलना) भाग घेत असाल तर झेड स्कोअर (ठरलेल्या उत्तरापासूनचं तुमचं अंतर, अधिक-उणे चिन्ह सोडून) २ पर्यंत ठीक, २ ते ३ मध्ये कारण शोधा, ३ किंवा जास्त असेल तर त्या चाचणीचे रिपोर्ट थांबवा.

कुठे थांबायचं

तराजूची दहा वजनं वरचं सगळं करूनही विखुरली तर त्याला हात लावू नका. आतलं ॲडजस्टमेंट स्क्रू फिरवून जमत नाही, आणि सील तुटलं की सर्टिफिकेट गेलं. सर्व्हिस इंजिनियर बोलवा. दुरुस्तीनंतर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं भारतीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेशन करून घ्या. संदर्भ नमुना दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, मर्यादेबाहेर गेला आणि कारण सापडलं नाही तर नमुना मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा. स्वतःच्या मनाने फॅक्टर लावून आकडा जुळवू नका.

निकालावर कायदेशीर किंवा पैशाचा निर्णय असेल आणि आकडा मर्यादेला चिकटून असेल, तर आपल्या लॅबचा शब्द शेवटचा धरू नका. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या हार्डनेसची मान्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचं रीडिंग ५९६ आणि दोन रीडिंगमधला नैसर्गिक फरकच ६ असेल तर त्याला सरळ ‘पास’ लिहिता येत नाही. अशा वेळी कोणत्या नियमाने पास-नापास ठरवलं ते रिपोर्टवर हवं, आणि तो नियम मोजणीच्या आधी ठरलेला हवा. आणि ३६८.४७ असं लिहूच नका. एका थेंबाने २ हलणाऱ्या आकड्याला दशांश कसला?

इंजिनियरला फोन करताना कंट्रोलचा ग्राफ, दहा वजनं आणि शिडीची तीन एसडी हाताशी ठेवा, नाहीतर तो साफसफाई करून जाईल. तो निघण्याआधी तीच दहा वजनं त्याच्यासमोर पुन्हा घ्या. मग रजिस्टरमध्ये कंट्रोल शेवटचा कधी रेघेच्या आत होता ती तारीख शोधा. तिथून पुढे गेलेला प्रत्येक रिपोर्ट पुन्हा बघावा लागेल, आणि ज्यांना गेला त्यांना तसं कळवावं लागेल.